रेसकोर्सवरचं धावतं वर्णन

माझ्या सासऱ्यांना मी आजवर नावाने हाक मारलेली नाही. लग्न होऊन हायडेलबर्गला राहायला आले तेव्हा सासूबाईंनी मला जवळ बसवून समजावलं होतं, की इथे घरात सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात, म्हणजे अरेतुरे करतात, आणि सरळ नावाने हाक मारतात. त्यांना स्वतःला मी नवऱ्याचं ऐकून 'मुट्टी', म्हणजे आई, म्हणायला लागले. ते जमलं. सासऱ्यांच्या बाबतीत मात्र जीभ वळेना. सहा फूट उंच, पांढऱ्या दाट भुवयांचा, वडिलांहूनही मोठा माणूस, आणि त्याला नावाने हाक? मी 'झी' म्हणजे अहोजाहोवरच अडून बसले. त्यांना वाटलं, ही मुलगी आपल्याला परकं समजते. मला वाटत होतं, मी त्यांना मान देते आहे. त्यामुळे पहिलं वर्ष आम्ही दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे वागलो आणि जवळजवळ काहीच बोललो नाही.

ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. सारं आयुष्य तिवई आणि दुर्बीण घेऊन डोंगरउतार, द्राक्षमळे आणि लोकांच्या परसांच्या हद्दी मोजण्यात गेलं होतं. बोलणं अगदी बेताचं. नवरा म्हणायचा, "अगं, ते माझ्याशी तरी कुठे बोलतात?" मी इथल्या एका प्रयोगशाळेत काम करत होते. माझं जर्मन प्रयोगशाळेपुरतं चालायचं, जेवणाच्या टेबलावर मात्र अडखळायचं.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी नवरा परगावी होता आणि मुट्टी बहिणीकडे गेल्या होत्या. सासरे घरी एकटे असतील म्हणून मी शिऱ्याचा डबा घेऊन गेले. दार उघडलं तर ते बाहेर पडायच्या तयारीत. डोक्यावर गवती हॅट, गळ्यात दुर्बीण.

"मी रेसला निघालोय," ते म्हणाले. मग डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "येतेस?"

नाही कसं म्हणायचं ते जर्मनमध्ये पटकन सुचलं नाही, म्हणून मी हो म्हटलं.

पुण्याला आमच्यासाठी रेसकोर्स म्हणजे सकाळी चालायला जायची जागा. 'रेस खेळतो' हे तर आमच्या घरात एखाद्याबद्दल आवाज खाली करून बोलायचं वाक्य होतं. त्यामुळे ट्राममधून जाताना कुणी ओळखीचं दिसत नाही ना, हे मी बघत होते. पोचलो तर तिथे जत्रा भरल्यासारखं वातावरण. गवतावर चादरी पसरून बसलेली कुटुंबं, सॉसेज भाजल्याचा धूर, बाबागाड्या, गावातला बँड. वर्षातून मोजक्याच रविवारी तिथे घोडे धावतात, एरवी मैदान रिकामंच. एका बाजूला टोटोच्या खिडक्यांची रांग होती. टोटो म्हणजे पैसे लावायची जागा.

सासऱ्यांनी मला आधी रिंगणापाशी नेलं. शर्यतीआधी घोड्यांना तिथे गोल फिरवतात. "निवड एक," ते म्हणाले. मी चार नंबरचा घोडा निवडला, कारण तो माझ्याकडे बघून फुरफुरला होता. मग ते बोलायला लागले, आणि मला आठवतं, एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

"आल्झो, तर मग. दोन साध्या गोष्टी. झीग म्हणजे तुझा घोडा पहिलाच यायला हवा. प्लाट्स म्हणजे पहिल्या तिघांत आला तरी चालतं. पण आठ किंवा जास्त घोडे धावत असतील तरच तिघांत. त्याहून कमी असतील तर पहिल्या दोघांत."

"आणि माझा घोडा धावलाच नाही तर?"

"सुटायच्या आधीच काढून घेतला तर पैसे परत. सुटल्यावर मध्येच थांबला, स्वाराला पाडलं, तर गेले. सुटला म्हणजे धावला."

मी चारवर प्लाट्स लावलं. त्यांनी नऊ नंबरवर झीग लावलं. दोन-दोन युरोंची चिठ्ठी. घोडे सुटले, पलीकडच्या झाडीआड गेले, वळणावरून परत दिसले, आणि मी काय ओरडत होते ते मलाच कळत नव्हतं. माझा चार तिसरा आला. त्यांचा नऊ दुसरा. मला खिडकीत थोडे पैसे मिळाले, त्यांना काहीच नाही.

"पण तुमचा घोडा माझ्या घोड्याच्या पुढे होता!" मला ते फार अन्यायाचं वाटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, आणि हसले. "पण मी म्हटलं होतं तो पहिला येईल. आला नाही. तू म्हणालीस तिघांत येईल. आला. घोडा किती चांगला धावला हे कोणी विचारत नाही. तू काय म्हणाली होतीस ते विचारतात."

परतीच्या ट्राममध्ये त्यांनी शिऱ्याचा डबा उघडला आणि खिशातल्या सुरीच्या टोकाने सगळा शिरा संपवला. उतरताना मी म्हटलं, "बाबा, जपून." कसं तोंडातून आलं माहीत नाही. ते थांबले. "बाबा म्हणजे?" मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि मान डोलावली. तेव्हापासून ते माझे बाबा. गंमत म्हणजे एकदा बाबा म्हटलं की त्यामागे जर्मनमधलं 'डू' आलं तरी जिभेला टोचत नसे.

मग दर मोसमात आम्ही दोघं जायला लागलो. नवऱ्याला घोड्यांची ॲलर्जी. लहानपणी एकदाच आला होता आणि दिवसभर शिंकत बसला होता. मुट्टी येत नसत. त्या घरी आपला एकटीचा रविवार घालवत.

बाबांनी मला हळूहळू सगळं शिकवलं. खिडकीवरच्या फलकावर प्रत्येक घोड्यासमोर एक आकडा असायचा आणि तो सारखा बदलायचा. मला आधी वाटलं, यंत्र बिघडलंय. बाबांनी समजावलं, "सगळ्यांचे पैसे एका पातेल्यात जातात. टोटोवाले त्यातून आपला वाटा काढतात. उरलेलं ज्यांचा घोडा आला त्यांच्यात वाटलं जातं. आता पातेल्यात किती आहे आणि वाटेकरी किती, हे शेवटची चिठ्ठी फाडेपर्यंत कुणालाच माहीत नसतं. म्हणून आकडा हलतो. तू चिठ्ठी घेतलीस तेव्हा काय दिसत होतं त्याला अर्थ नाही. घोडे सुटतात तेव्हाचा आकडा खरा."

"म्हणजे सगळ्यांच्या आवडीचा घोडा जिंकला तर?"

"तर सगळ्यांना चमचाभर. तुझ्यासारखा विचार जितके जास्त लोक करतील, तितकं तुझ्या वाट्याला कमी."

कोपऱ्यात बुकमेकरचं वेगळं टेबल असायचं. त्याचा हिशेब निराळा: तो तुम्हाला जो भाव देईल तोच चिठ्ठीवर लिहायचा, पुढे भाव काहीही होवो, तुमचा तो पक्का. बाबा तिकडे जात नसत. हल्ली लोक फोनवरच पैसे लावतात, तेही त्यांना पटत नाही. "मला पातेलं आवडतं," ते म्हणायचे. "त्यात सगळे असतात."

शेवटच्या शर्यतीला ते नेहमी जोडी लावायचे. पहिला कोण आणि दुसरा कोण, दोन्ही अचूक, आणि त्याच क्रमाने. उलट आले तर काही नाही. इतक्या वर्षांत ती जोडी त्यांना क्वचितच लागली. आणि निकाल जाहीर होईपर्यंत चिठ्ठी टाकून द्यायची नाही, हा त्यांचा दंडक. शर्यत संपल्यावर स्वारांना परत वजनकाट्यावर उभं करतात, कुणी तक्रार केली तर पंच बघतात, आणि मगच लाउडस्पीकरवर निकाल पक्का होतो. तोपर्यंत रेषा आधी कोणी ओलांडली ही फक्त बातमी असते.

माझ्या आईला हे सगळं फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "सासऱ्यांबरोबर जुगार खेळतेस?"

"अगं, दोन-दोन युरो लावतो. सिनेमाला गेलो तर जास्त जातील."

"सिनेमात निदान काहीतरी कळतं," आई म्हणाली, आणि विषय बदलला.

मग बाबांच्या डोळ्यांचं सुरू झालं. एका मोसमात त्यांनी दुर्बीण पुन्हा पुन्हा पुसायला सुरुवात केली. मी म्हटलं, भिंगं चांगली स्वच्छ आहेत. त्यांनी ती आणखी एकदा पुसली. पुढच्या वेळी त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "हा तीन आहे की आठ?" तेव्हा मला कळलं. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या अगदी मध्ये डाग वाढतोय. कडेचं दिसेल, पण ज्याच्याकडे बघायला जाल नेमकं तेच दिसणार नाही. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. ज्या माणसाने जन्मभर दुर्बिणीतून लांबची खूण धरून जमीन मोजली, त्याला आता समोरच्या माणसाचं नाक दिसत नव्हतं. ते एका शब्दाने कुरकुरले नाहीत. फक्त दुर्बीण माझ्या गळ्यात घातली.

"आता तू सांग," ते म्हणाले.

"लाउडस्पीकर आहे ना, बाबा."

"तो पुढच्या तिघांबद्दल बोलतो. माझा घोडा नेहमी मागे असतो."

तर मी त्यांच्या कानाशी धावतं वर्णन करायला लागले. सुरुवात जर्मनमध्ये व्हायची. पण घोडे शेवटच्या वळणावर आले की माझं जर्मन मागे पडायचं आणि मी सरळ मराठीत ओरडायची. "पाच बाहेरून येतोय! पाच! सहा मागे पडला, दोन अडकलाय मध्ये, अकरा आला, अकरा, अकरा!" मला वाटायचं, ह्यांना काय कळत असणार. पण एकदा शर्यत संपल्यावर मी जर्मनमध्ये निकाल सांगायला लागले तर ते म्हणाले, "कळलं मला. अकरा, पाच, दोन." अगदी स्वच्छ मराठीत, नुसता 'च' तेवढा जरा जर्मन. मला काय झालं कोण जाणे, मी त्यांच्या बाहीला धरून उभीच राहिले. माझी मुलगी जर्मनीतच वाढते आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते. आणि हे बघा.

त्याच दिवशी परत येताना ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतो, बघू या. तुझी मुट्टी म्हणते, होईल बरं. मुलगा म्हणतो, काळजी करू नका. तू म्हणतेस, तुमचा घोडा नववा आला. मला ते 'नववा' आवडतं."

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मला पुण्याला जायचं होतं, आणि मोसमातली पहिली रेस नेमकी त्याच दिवसांत होती. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग यंदा ती नाही. आईकडे जा." एवढंच. पण त्यांनी हॅट आधीच खाली काढून ब्रशने साफ करून ठेवलेली मी पाहिली होती.

मी स्वयंपाकघरात मुट्टींकडे गेले. मुट्टी म्हणजे ठेंगणी, गोरीपान, सतत काहीतरी विणत असणारी बाई. तीस वर्षं त्यांचं लोकरीचं दुकान होतं. तेव्हाही त्या टेबलावर लोकरीची गुंडाळी करत होत्या.

"मुट्टी, तुम्ही जा ना त्यांच्याबरोबर."

"मी?" त्यांचे हात थांबले. "छे. रेसचा रविवार त्यांचा असतो. लग्न झाल्यापासून. त्यांना एकटं जायचं असतं."

"तसं म्हणाले का ते?"

"म्हणायला कशाला हवं? कधी विचारलंच नाही मला."

मी बाहेरच्या खोलीत गेले. बाबा खिडकीपाशी बसले होते.

"बाबा, मुट्टींना का नाही नेत?"

"तिला घोडे आवडत नाहीत."

"तसं म्हणाल्या का त्या?"

त्यांनी भुवया खाली ओढल्या, डोळे दिसेनासे झाले. "ती कधी म्हणाली नाही, मलाही येऊ दे," ते शेवटी म्हणाले.

चाळीस वर्षांच्या वर संसार झालेली दोन माणसं. मला हसावं की रडावं कळेना. कॉफी झाली, मुट्टींनी केक कापला, आम्ही तिघं टेबलाशी बसलो. माझी जायची वेळ झाली तेव्हा बाबांनी कप खाली ठेवला आणि मुट्टींच्या बाजूला तोंड करून, म्हणजे जरासं त्यांच्या शेजारी बघत, कारण तसंच त्यांना दिसतं, म्हणाले, "रविवारी रेसला येतेस?"

मुट्टी कानापर्यंत लाल झाल्या. "काय घालू?" एवढंच म्हणाल्या.

त्या रविवारी संध्याकाळी मी पुण्याला हॉस्पिटलात आईच्या पलंगाशेजारी बसले होते. ऑपरेशन नीट झालं होतं. आईला पहिल्यांदा दोन पावलं चालवलं होतं, म्हणून ती दमलेली आणि खूश होती. फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी नुसतं आभाळ दिसलं, मग मुट्टींचा कान, मग एका फुलाफुलांच्या हॅटची कड. मागे गर्दीचा आवाज.

"ऐक," मुट्टी जर्मनमध्ये ओरडत होत्या, "मला फसवलंय! फलकावर माझ्या घोड्यापुढे मोठा आकडा होता. घोडा पहिला आला. आणि खिडकीतला माणूस निम्मेच देतोय!"

"मुट्टी, आधी सांगा, झीग लावलं होतं का?"

"हो, झीग. अकरा नंबर. करडा होता, एकटा करडा, बिचाऱ्याकडे कुणी बघत नव्हतं. म्हणून मी त्याच्यावर लावले."

"आणि बाबांनी?"

"पाचवर. तोही पहिला आला."

"तोही?"

"दोघं एकदम! फोटो काढला, तरी ठरेना. लाउडस्पीकरवाला म्हणाला, टोटेस रेनन."

टोटेस रेनन म्हणजे शब्दशः मेलेली शर्यत. दोन घोडे रेषेवर अगदी बरोबरीने आले आणि फोटोतही फरक निघाला नाही की असं म्हणतात. इतकी वर्षं जाऊनही मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. आणि ह्या बाई पहिल्याच दिवशी.

मी पलंगाच्या कडेवर बसून, सलाइनच्या स्टँडला हात टेकवून, जर्मनमध्ये समजावायला लागले. "फसवलं नाही हो कुणी. फलकावरचा आकडा तुमचा एकटा घोडा जिंकेल असं धरून होता. आता जिंकले दोन. म्हणून पातेलं दोन ठिकाणी वाटायचं. एक वाटा अकरावर लावणाऱ्यांचा, एक वाटा पाचवर लावणाऱ्यांचा. तुम्हाला किती मिळाले ते बाबांच्या पैशांशेजारी ठेवून बघा."

पलीकडे कुजबुज झाली. मग मुट्टींचा आवाज बदलला. "मला त्यांच्याहून जास्त मिळालेत!"

"कारण करड्यावर लावणारे थोडे होते. निम्मं पातेलं थोड्यांत वाटलं. पाचवर पुष्कळांनी लावलं असणार, त्यांना त्यांचं निम्मं पुष्कळांत वाटून घ्यावं लागलं."

"पुष्कळांनी," मागून बाबांचा आवाज आला. "आवडता होता."

आईने मला कोपराने ढोसलं. "काय चाललंय? कोण रडतंय तिकडे?"

"कुणी रडत नाहीये. रेस आहे."

"मग काय झालं? कोण जिंकलं?"

मी सांगणार एवढ्यात बाबांनी फोन मुट्टींच्या हातून घेतला. पडद्यावर त्यांचा अर्धा चेहरा आला. आईचा आवाज त्यांनी ओळखला असावा. हॅट काढून, फोनच्या जरा डावीकडे बघत, ते सावकाश म्हणाले, "नमस्कार. पाच. अकरा. दोघं."

आई उशीवरून उठूनच बसली. "दोघं एकदम?" तिने विचारलं, मराठीतच, जसं काही समोर सदाशिव पेठेतला माणूस बसलाय.

"दोघं," बाबा म्हणाले, आणि मान हलवली.

आई हसायला लागली. टाके ओढले जातील म्हणून मी तिला धरलं, पण ती हसतच होती. त्या दोघांमध्ये याआधी लग्नाच्या वेळचा नमस्कार आणि सणावारी फोनवर हात हलवणं, याहून जास्त काही झालेलं नव्हतं. नंतर नर्स आली तेव्हा आईने तिला सांगितलं, "माझे व्याही आहेत जर्मनीला. रेस खेळतात." आवाज खाली न करता सांगितलं.

मी परतल्यावर बाबांना भेटायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, मुट्टींनी कसं काय वर्णन केलं असेल याबद्दल ते थोडी तक्रार करतील. मुट्टींना नंबर लक्षात राहत नाहीत, घोड्यांतलं काही कळत नाही.

"नंबर सांगतच नव्हती," बाबा म्हणाले. "रंग सांगत होती. स्वारांच्या सदऱ्यांचे."

"आणि कळलं तुम्हाला?"

"ती म्हणायची, मोहरीच्या फुलासारखा पुढे आहे. त्याच्या मागे गंजलेल्या लोखंडाचा. आता एक निळा येतोय, पण साधा निळा नाही, आपल्या जुन्या बाथरूमच्या फरशीचा." ते थांबले. "मला आता रंग सगळे राखाडीकडे झुकलेले दिसतात. ती बाथरूमची फरशी म्हणाली आणि मला ती दिसली."

खरं सांगायचं तर मला तेव्हा थोडं लागलं. इतकी वर्षं त्यांच्या कानाशी मी होते. पण ते सांगताना त्यांचा हात टेबलावर होता आणि मुट्टींनी जाताजाता त्यावर आपला हात अगदी सहज ठेवला, आणि दोघांपैकी कुणीच तो उचलला नाही. मी माझी कॉफी पीत राहिले.

आता रेसला ते दोघं जातात. कधीकधी मी आणि माझी मुलगीही जातो, पण आम्ही मागे चादरीवर बसतो. मुट्टी कुणालाही न आवडलेल्या घोड्यावर झीग लावतात, नेहमी हरतात, आणि हरलेल्या घोड्याला टाळ्या वाजवतात. बाबा आता प्लाट्स लावतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पहिल्या तिघांत आला तरी बास." मग मुट्टींना ऐकू जाऊ नये म्हणून हळूच पुढे म्हणाले, "एकाच्या तरी हातात काही लागायला हवं ना, परतीच्या कॉफीला."

गेल्या शरदात एका संध्याकाळी बाबांचा मला फोन आला. त्यांचा फोन म्हणजे घरात काहीतरी झालं असणार असं समजून मी घाबरले.

"ती दर गुरुवारी गाते, चर्चमध्ये, बायकांच्या गटात," ते म्हणाले. "हे मला माहीत आहे. पण मी कधी ऐकलेलं नाही. तिने कधी बोलावलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"आज विचारलं. हो म्हणाली. तू सोडशील का मला? तिला आधी जावं लागतं."

मी त्यांना घेऊन गेले. ते फक्त सरावाचं गाणं होतं, कार्यक्रम डिसेंबरात होता. चर्चमध्ये थंडी होती. आम्ही अगदी मागच्या बाकावर कोट न काढता बसलो. पुढे मेणाच्या रंगाच्या उजेडात वीस-पंचवीस बायका उभ्या होत्या. गाणं सुरू झालं. बाबांनी डोळे मिटले. डोकं जरा तिरकं करून ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग माझा हात दाबला.

"हा तिचा आवाज," ते कुजबुजले. "ऐकलास? जाडसर, खालचा. डावीकडे. मी हजारात ओळखेन."

मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी मान डोलावली, आणि मग ती त्यांना दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हटलं, "हो, बाबा."

सराव संपल्यावर मुट्टी गळ्याला जाड मफलर गुंडाळून, घाईघाईने आमच्याकडे आल्या. बाबा उठून उभे राहिले आणि त्यांनी एखाद्या तरुणासारखं भरभरून सांगितलं, की तुझा आवाज मी लगेच ओळखला, डावीकडचा, खालचा, किती सुंदर गातेस.

मुट्टींनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांच्या तोंडून आवाज फुटत नव्हता, नुसता घोगरा वारा. "अरे, इथे येईपर्यंत माझा घसा पार बसला होता," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी नुसतं तोंड हलवत होते."

बाबा गोंधळून उभे राहिले. "मग ती कोण होती?"

मुट्टींना हसू आवरेना, आणि घसा बसलेला असल्यामुळे हसण्याचा आवाजही येईना, फक्त खांदे हलत होते. बाबांनी हात पुढे करून ते हलणारे खांदे चाचपले आणि मग तेही हसायला लागले. डावीकडची एक उंच बाई पर्समध्ये किल्ल्या शोधत आमच्या शेजारून गेली. "शुभ रात्री," ती म्हणाली, जाडसर, खालच्या आवाजात. बाबांनी तिच्या दिशेने हॅट काढली, मुट्टींचा हात आपल्या काखेत घेतला आणि आम्ही गाडीकडे निघालो. वाटेत औषधांचं दुकान उघडं होतं. तिथे थांबून बाबांनी स्वतः आत जाऊन घशाच्या गोळ्या मागितल्या.